नामिबियातील भाड्याची हायलक्स: छतावर दोन तंबू, सोबत दोन स्टेपन्या

नामिबिया स्वतः गाडी चालवून पाहायचा असेल, तर छतावर दोन तंबू बसवलेली फोर-बाय-फोर (चारही चाकांना ओढ देणारी) टोयोटा हायलक्स पिकअप राजधानी विंडहुकमध्ये भाड्याने घेणे हा सर्वांत चांगला पर्याय आहे, असे माझे मत आहे. मात्र ही गाडी कोणाच्या हातून आपल्या ताब्यात येते, यावर तिचे निम्म्याहून अधिक मोल ठरते. सगळ्या कंपन्यांच्या जाहिरातींत तीच गाडी, तेच तंबू आणि तोच फ्रिज दिसतो. फरक पडतो तो गाडी तयार करणाऱ्या, तिची देखभाल करणाऱ्या आणि ती ताब्यात देताना ग्राहकाशी बोलणाऱ्या माणसांमुळे. त्यामुळे या परीक्षणात गाडीइतकेच मी त्या माणसांविषयी लिहिणार आहे.

आधी हा देश ध्यानात घ्यावा लागतो, कारण त्याशिवाय एवढ्या सामानाने लादलेल्या गाडीची गरजच समजत नाही. नामिबियाचे क्षेत्रफळ सुमारे ८ लाख २४ हजार चौरस किलोमीटर आहे, म्हणजे तो महाराष्ट्राच्या अडीच पटींहून मोठा आहे. आणि २०२३च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे ३० लाख आहे, म्हणजे २०११मध्ये एकट्या पुणे शहरात जेवढी माणसे होती जवळपास तेवढीच. दोन पेट्रोल पंपांमधले अंतर काही भागांत दोनशे किलोमीटरपेक्षा जास्त असते आणि वाटेत मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. मुख्य महामार्ग डांबरी आहेत, पण सोसुस्व्हलेच्या वाळूच्या टेकड्या, वायव्येकडचे डमारालँड किंवा काओकोलँड या जागा ज्यांच्यावर आहेत ते बहुतेक रस्ते खडीचे आहेत. भारतीय चालकाला एक गोष्ट मात्र पहिल्या मिनिटापासून सोपी जाते: तिथेही वाहतूक डावीकडूनच चालते.

हायलक्सच का, या प्रश्नाचे उत्तर अगदी व्यावहारिक आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनमध्ये ही गाडी तयार होते, नामिबियातल्या शेतकऱ्यांच्या आणि सरकारी खात्यांच्या अंगणात तीच उभी असते, आणि त्यामुळे लहानशा गावातल्या गॅरेजवाल्यालाही तिचे पोट ठाऊक असते. शिडीसारखी मजबूत चेसी, मागे पाट्यांच्या स्प्रिंगा, गरजेनुसार जोडता येणारी चारही चाकांची ओढ, वाळू आणि खडकासाठी लो-रेंज (सावकाश पण जोरदार ओढणारे गिअर) आणि मागची दोन्ही चाके एकत्र फिरवणारे डिफरन्शियल लॉक एवढी या गाडीची शिदोरी आहे. टाकी ८० लिटरची असते. दोन तंबू, पाणी, सरपण आणि चार माणसे घेऊन खडीवर चालवताना लिटरला आठ-नऊ किलोमीटर धरून चालावे, म्हणजे एका टाकीत साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास जाता येते. त्याहून लांबचा वाळवंटी पल्ला गाठायचा असेल, तर अनेक कंपन्या डिझेलचे जादा कॅन देतात. पाटे असल्यामुळे मागच्या बाकावर बसणाऱ्यांना धक्के बसतात, हे आधीच मान्य करून निघावे. तिथे कमरेला उशी घेऊन बसणे सोयीचे जाते.

गाडीवर चढवलेले सामान ही दक्षिण आफ्रिकेतल्या कारागिरीची स्वतंत्र परंपरा आहे. मागच्या हौद्यावर ॲल्युमिनियमचे झाकण असते आणि त्याच्या दोन्ही बाजू वर उघडतात. आत सरकत्या पाट्यावर ठेवलेला फ्रिज, धूळ शिरू नये म्हणून घट्ट झाकणाच्या पेट्या, गॅसची टाकी, चार खुर्च्या, टेबल, भांडी आणि पाण्याचा साठा असतो. केप टाऊनची अलु-कॅब, तसेच ईझी-ऑन, हाउलिंग मून आणि नॅशनल लूना ही त्या भागातली नावे या धंद्यात सगळीकडे दिसतात. कोणी हौद्याची झाकणे बनवते, कोणी तंबू, कोणी फ्रिज. हे उद्योग उभे राहिले ते हौसेच्या बाजारासाठी नव्हे. त्या प्रदेशात लोक सुट्टीला जातात तेच मुळी रस्ता, वीज आणि नळ नसलेल्या जागी, आणि तशा वापरात जे टिकत नाही ते तिथल्या बाजारात फार काळ राहत नाही. फ्रिज दुसऱ्या स्वतंत्र बॅटरीवर चालतो. इंजिन सुरू असताना दोन्ही बॅटऱ्या चार्ज होतात आणि ते बंद केले की दोघींचा संबंध तुटतो, त्यामुळे रात्रभर फ्रिज चालू राहिला तरी सकाळी गाडी सुरू व्हायला अडचण येत नाही. ही साधी योजना नीट बसवलेली आहे की नाही, हे पहिल्याच रात्रीनंतर कळते.

आता माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग, म्हणजे गाडी ताब्यात देण्याची पद्धत. या वेळी आम्ही दोन जोडपी विंडहुकमधल्या ज्या लहान, कौटुंबिक कंपनीकडे गेलो, तिथे गाडी समजावून सांगायला सबंध सकाळ दिली गेली. सांगणारा माणूस कार्यालयातला नव्हता, तर त्याच गाडीची दुरुस्ती करणारा मेकॅनिक होता. त्याने एकही वस्तू नुसती दाखवली नाही. प्रत्येक वस्तू आमच्याकडून वापरून घेतली. जॅक कुठे लावायचा हे सांगून तो थांबला नाही, तर आम्हाला जॅक लावायला, चाक उतरवायला आणि स्टेपनी बसवायला लावले, आणि नटांचा घट्टपणा स्वतः तपासला. दोन्ही तंबू आमच्याकडून उघडून आणि पुन्हा घड्या घालून बंद करून घेतले. फोर-बाय-फोर कधी लावायचे आणि कोरड्या डांबरावर कधीच का लावायचे नाही, तेही त्याने मातीत काठीने आकृती काढून सांगितले: वळणावर पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात, मातीवर ती थोडी घसरून हा फरक भरून काढतात, डांबरावर मात्र तो ताण गिअरच्या साखळीत अडकतो. शेवटी त्याने नकाशा पसरून आमच्या मार्गातला प्रत्येक पंप आणि टायर दुरुस्त करणारी प्रत्येक जागा पेनाने खुणावली.

या सकाळचे वेगळे पैसे कोणी लावत नाही आणि भाड्याच्या पावतीवर तिचा उल्लेखही नसतो. याआधीच्या एका प्रवासात दुसऱ्या एका कंपनीने आम्हाला जेमतेम स्वाक्षऱ्या होईपर्यंतचा वेळ दिला होता. त्या गाडीची दुसरी स्टेपनी इतकी जुनी होती की तिच्या कडेला बारीक भेगा पडलेल्या होत्या, आणि हवा भरायचा पंप सोबत होता पण त्याची नळी मागच्या चाकापर्यंत पोचत नव्हती. दोन्ही गाड्यांचे मॉडेल एकच आणि भाड्यातला तफावतीचा आकडाही किरकोळ. म्हणून ज्यांना ही सेवा घ्यायची आहे त्यांनी दराच्या आधी विचारावा तो प्रश्न असा: गाडी समजावून सांगायला तुम्ही किती वेळ देता आणि ती कोण समजावून सांगतो? टायरांचे वय आणि दोन्ही स्टेपन्यांची अवस्था लेखी कळवायला जी कंपनी कचरते, तिच्याकडे जाऊ नये.

टायरांवर एवढा भर देण्याचे कारण असे की नामिबियात प्रवास मोडतो तो बहुधा टायरांमुळेच. डांबरी रस्त्यासाठी भरलेली हवा खडीवर तशीच ठेवली, तर टायर दगडावर ताठ आदळतो आणि कापला जातो. हवा थोडी कमी केली की टायर दगडाभोवती वाकतो आणि त्याला सामावून घेतो. आम्हाला खडीसाठी १.८ बारच्या आसपास आणि सैल वाळूसाठी १ बारच्या जवळ असे प्रमाण सांगितले होते. पण हवा कमी केली की वेगही कमी करावा लागतो, नाहीतर टायरची कड सतत दुमडून तापते आणि फाटते. खडीच्या रस्त्यावर चाकांच्या उड्यांमुळे आडव्या लहरी तयार होतात. त्यांवरून सावकाश गेले तर गाडीतला प्रत्येक स्क्रू खिळखिळा होतो. वेग वाढवला की चाके लहरींच्या माथ्यांवरून तरंगत जातात आणि धक्के अचानक थांबतात. हेच खरे संकट आहे. ज्या क्षणी रस्ता गुळगुळीत वाटू लागतो त्या क्षणी चाकांची जमिनीवरची पकड सर्वांत कमी असते, आणि अशा वेळी वळण आले किंवा समोर जनावर आले की माणूस स्टिअरिंग झटक्याने फिरवतो. छतावर तंबूंचे वजन असलेली उंच गाडी मग उलटते. तिथे परदेशी पर्यटकांचे अपघात मोठ्या प्रमाणात असेच, दुसरे कोणतेही वाहन समोर नसताना होतात. खडीवर कायद्याने ताशी १०० किलोमीटरची मुभा असली, तरी भाड्याच्या कंपन्या साधारणपणे ८०ची मर्यादा घालतात आणि गाडीत बसवलेल्या यंत्राने ती तपासतात. हे यंत्र मला पाळतीसारखे वाटले नाही. वेग ओलांडताच वाजणारी त्याची शीळ चालकाच्या शेजारी बसणाऱ्याला मोठा दिलासा देते.

डमारालँडमध्ये टायरांची कसोटी अधिक कडक होते, आणि त्याचे कारण महाराष्ट्रातल्या माणसाला ओळखीचे वाटेल. तिथले एटेंडेका नावाचे पठार ज्वालामुखीच्या लाव्ह्याच्या थरांनी बनलेले आहे. सपाट माथ्याचे डोंगर, पायऱ्यांसारखे उतार आणि काळा बेसाल्ट पाहताना सह्याद्रीची आठवण येणे अगदी स्वाभाविक आहे. मात्र तो लाव्हा सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे आपल्या दख्खनच्या लाव्ह्याच्या जवळपास दुप्पट वयाचा आहे, आणि दक्षिण अमेरिका व आफ्रिका एकमेकींपासून अलग होत असतानाच्या काळातला आहे. त्याच बेसाल्टचे धारदार तुकडे रस्त्यावर पसरलेले असतात. ग्रूटबर्गच्या घाटाच्या परिसरात आम्ही सर्वांत सावकाश चाललो आणि दोन्ही स्टेपन्यांचा आग्रह का धरला जातो ते तिथेच पटले.

सोसुस्व्हलेला या गाडीचा खरा फायदा मिळतो. सेस्रीम इथल्या उद्यानाच्या फाटकापासून सुमारे ६० किलोमीटर डांबरी रस्ता आहे, पण शेवटचे पाच किलोमीटर खोल वाळूचे आहेत आणि तिथे फक्त फोर-बाय-फोर गाड्यांना जाता येते. साध्या गाडीने आलेल्यांसाठी ने-आण करणारी वाहने असतात. वाळूत अडकलेल्या ज्या गाड्या आम्ही पाहिल्या, त्यांच्या टायरांत डांबरी रस्त्याची हवा तशीच होती. हवा सोडायची, ओढ चारही चाकांना द्यायची, वेग एकसारखा ठेवायचा आणि मध्येच थांबायचे नाही, एवढे पाळले तर हायलक्स न कुरकुरता पार होते. आणखी एक गोष्ट इथे नोंदवतो: फाटकाच्या आतल्या सरकारी छावणीत मुक्काम असणाऱ्यांना सूर्योदयाच्या एक तास आधी निघता येते, बाहेर राहणाऱ्यांना सूर्य उगवेपर्यंत थांबावे लागते. सोसुस्व्हलेजवळच्या डेडव्हले या कोरड्या मैदानातली सुकलेली काळी खोडे आणि मागच्या तांबड्या टेकडीवर चढत जाणारे ऊन पाहायचे असेल, तर गाडीच्या भाड्याइतकेच हे आरक्षणही आधी करावे.

छतावरच्या तंबूत राहणे मला मनापासून आवडले, तरी त्याच्या गैरसोयी स्पष्ट सांगायला हव्यात. तंबू उघडायला पाच-सात मिनिटे पुरतात आणि आत जाड गादी असते. जमीन खडकाळ असो की उतरती, गाडी सपाट उभी केली की झोप चांगली लागते. पण तंबू गाडीवर असल्यामुळे पहाटे कुठेही जायचे झाले, अगदी एटोशा अभयारण्यातल्या पाणवठ्यापर्यंत, तरी सगळा संसार आवरूनच निघावे लागते. वारा जोराचा असेल तर कॅनव्हास रात्रभर फडफडतो. जून ते ऑगस्टमध्ये रात्रीचे तापमान वाळवंटात शून्याजवळ जाते, म्हणून कंपनीने दिलेल्या पांघरुणांव्यतिरिक्त थर्मल कपडे हवेतच. ज्यांचे गुडघे दुखतात किंवा ज्यांना रात्री उठावे लागते, त्यांना ती उभी शिडी त्रासदायक होईल. वडीलधाऱ्यांना सोबत न्यायचे असेल, तर त्यांच्यासाठी छावण्यांमधल्या खोल्या घ्याव्यात आणि एकच तंबू असलेली गाडी मागावी.

स्वयंपाकाची सोय उत्तम आहे, आणि शाकाहारी मराठी कुटुंबाला नामिबियात उपाशी राहावे लागेल ही भीती निराधार आहे. बहुतेक छावण्यांत प्रत्येक जागेला पाण्याचा नळ, चूल आणि जाळी असते. विंडहुक आणि समुद्रकाठच्या स्वाकोपमुंड शहराच्या मोठ्या दुकानांत भाज्या, तांदूळ, डाळी मिळतात. घरून नेलेली थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला यांवर आमचे संध्याकाळचे जेवण आनंदाने होत असे. मांसाहारींनी एक नियम ध्यानात ठेवावा: देशाच्या उत्तर भागात जनावरांच्या रोगांना अडवण्यासाठी आडवे कुंपण घातलेले आहे आणि त्याच्या चौकीवरून कच्चे मांस दक्षिणेकडे आणता येत नाही. गाडीतला फ्रिज उघडून तपासला जातो.

या प्रवासामागे ज्या माणसांचा हात आहे, त्यांत भाडेकंपनी ही फक्त एक कडी आहे. खडीचे रस्ते चालण्याजोगे राहतात ते ग्रेडर (रस्ता सपाट करणारे यंत्र) चालवणाऱ्या कामगारांमुळे; ओसाड प्रदेशात हे लोक रस्त्याकडेलाच मुक्काम ठोकून आपापला पट्टा पुन्हापुन्हा सपाट करत असतात. त्यांच्या धुळीच्या ढगाजवळ वेग कमी करणे एवढी तरी कृतज्ञता प्रत्येक प्रवाशाने दाखवावी. आणि डमारालँड व काओकोलँडमधल्या अनेक छावण्या गावकऱ्यांच्या आहेत. नामिबियाने १९९६मध्ये कायद्यात बदल करून सामूहिक जमिनीवरच्या रहिवाशांना संघटित होऊन वन्यजीव आणि पर्यटन यांतून उत्पन्न घेण्याचा अधिकार दिला, आणि १९९८मध्ये अशा पहिल्या चार संस्थांची नोंदणी झाली. आज त्यांची संख्या ऐंशीच्या पुढे आहे. या विचाराचा पाया त्याआधीच घातला गेला होता. १९८०च्या दशकात शिकार आणि दुष्काळ यांनी वायव्येकडचे हत्ती आणि काळे गेंडे संपत आले असताना वन्यजीव संरक्षक गार्थ ओवेन-स्मिथ यांनी तिथल्या प्रमुखांच्या मदतीने गावातलीच माणसे वन्यजीवांचे राखणदार म्हणून नेमली. त्यांना आणि त्यांच्या सहकारी मार्गारेट जेकबसन यांना १९९३चे गोल्डमन पर्यावरण पारितोषिक मिळाले. आज कोरड्या नदीच्या पात्रातून चालणारा हत्ती आपल्याला दिसतो, तेव्हा त्यामागे त्या राखणदारांची पायपीट आहे. म्हणून माझा आग्रह असा की मार्ग आखताना निदान काही रात्री तरी गावकऱ्यांनी चालवलेल्या छावण्यांत काढाव्यात. तिथले न्हाणीघर साधे असेल आणि गरम पाण्यासाठी लाकडाचा बंब पेटवावा लागेल, पण दिलेला पैसा जनावरांसोबत राहणाऱ्यांच्या हातात जातो.

विम्याचे कलम प्रत्येकाने स्वतः वाचावे. ‘पूर्ण संरक्षण’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असले, तरी टायर, समोरची काच, पाण्यात घातलेली गाडी आणि अंधारात झालेला अपघात यांचा त्यात समावेश असतोच असे नाही. अंधारात गाडी चालवायला बहुतेक कंपन्या मनाई करतात आणि ती योग्यच आहे, कारण कुडूसारखे मोठे हरीण रस्त्यावर अचानक झेप घेते. दुसरे वाहन सामील नसलेला अपघात संरक्षणात येतो का, हे खास विचारावे. खडीवर बहुतेक अपघात तसेच होतात आणि नेमके तेच काही करारांत वगळलेले असतात. काओकोलँडमधल्या व्हॅन झिल्स पाससारख्या उतारांवर भाड्याची गाडी नेण्यास अनेकदा परवानगी नसते; तीही लेखी विचारून घ्यावी. आपल्या आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना एक वर्ष चालतो, तो मूळ परवान्यासोबत ठेवावा, आणि अनामत रकमेसाठी पुरेशी मर्यादा असलेले क्रेडिट कार्ड चालकाच्याच नावाचे असावे.

स्वतःची गाडी भारतातून बोटीने पाठवून आफ्रिका फिरणारेही आहेत आणि त्यांच्या जिद्दीविषयी मला आदर आहे. त्यांना गाडीचा पासपोर्ट म्हणता येईल असा कार्ने नावाचा दस्तऐवज लागतो. मुंबईत तो वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशनकडून मिळवता येतो आणि त्यासाठी मोठी हमी द्यावी लागते. बंदरातला वेळ, जहाजाचे भाडे आणि ही हमी यांचा विचार करता, अनेक महिने हाताशी असतील तरच तो मार्ग धरावा. तीन-चार आठवड्यांच्या सुट्टीसाठी विंडहुकमधली तयार गाडी कितीतरी सोयीची आहे. पुढे बोट्स्वानात जायचे असेल, तर कंपनीचे परवानगीपत्र आणि गाडीच्या कागदांच्या प्रमाणित प्रती आरक्षण करतानाच मागून ठेवाव्यात, कारण सीमेवर त्यांशिवाय गाडी सोडत नाहीत. मे ते ऑक्टोबर हा कोरडा मोसम सर्वांत मागणीचा असतो आणि चांगल्या लहान कंपन्यांकडे मोजक्याच गाड्या असतात, त्यामुळे वर्षभर आधी चौकशी केली तर ती फार लवकर ठरणार नाही. गाडी परत देण्याच्या दिवशी विमानाच्या वेळेआधी तीन तास तरी मोकळे ठेवावेत, म्हणजे टायर, काच आणि तंबूची शिवण कंपनीच्या माणसासोबत उभे राहून तपासता येईल आणि अनामत परत मिळण्याविषयीचा कागद जागच्या जागी सही होऊन हाती येईल.